आयव्हीएफनंतर आई आणि बाळाची तब्येत: तुलना नेमकी कशाशी करायची?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय 36, पाळी नियमित, नवऱ्याचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल, दोनदा आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणं) करूनही दिवस राहिले नाहीत. आता आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, सुचवलंय. सेंटरमध्ये म्हणाले, ‘दोन भ्रूण सोडू, म्हणजे शक्यता वाढेल, आणि जुळी झाली तर एकाच फेरीत कुटुंब पूर्ण.’ जवळचे लोक म्हणतात की अशी मुलं नाजूक निघतात, त्यांच्यामागे पुढे आजार लागतात. डॉक्टर म्हणतात, काहीही फरक नसतो. खरं कुणाचं मानायचं, हा तुमचा मुख्य प्रश्न. आणि शेवटी सहज विचारल्यासारखा आणखी एक: पुढे मुलाच्या डॉक्टरांना हे सांगावं लागतं का?

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. आयव्हीएफ मी स्वतः करत नाही. तिथे राहिलेले गर्भ पुढचे नऊ महिने सांभाळायचं काम माझ्याकडे येतं, त्यातही जोखमीची गर्भारपणं जास्त. त्यामुळे माझं मत वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: ज्यांचं सगळं सुरळीत होतं त्या बायका माझ्यासारखीकडे कमी येतात, ज्यांना त्रास होतो त्या जास्त. म्हणून मी नुसत्या अनुभवावर न बोलता, जिथे मोठ्या अभ्यासांचे आकडे भक्कम आहेत तिथे तेच देणार आहे.

आधी एवढं सांगते की दोन्ही बाजू तुम्हाला अर्धंच सांगतायत. 1978 साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, तेव्हापासून जगभर एक कोटीहून जास्त मुलं आयव्हीएफने जन्माला आली आहेत. त्यातली बहुसंख्य इतर मुलांसारखीच आहेत. लुईसला स्वतःला पुढे नैसर्गिकरीत्या मूल झालं. ‘अशी मुलं नाजूक निघतात’ हे सरसकट विधान आकड्यांपुढे टिकत नाही. पण ‘काहीही फरक नसतो’ हेही टिकत नाही. फरक असतो. तो कुठे असतो, केवढा असतो आणि त्यातला किती आपल्या हातात असतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ तुलनेत होतो. बातमी येते की आयव्हीएफच्या बाळांमध्ये अमुक धोका दीडपट. कुणापेक्षा दीडपट? बहुतेक अभ्यासांत समोर असतात त्या सहज दिवस राहिलेल्या, सरासरीने तरुण बायका. तुमच्यापुढे तो पर्याय सध्या नाही. तुमच्यापुढचे पर्याय वेगळे आहेत: आयव्हीएफ करायचं की आणखी थांबायचं, एक भ्रूण की दोन, ताजं की गोठवलेलं, कुठल्या प्रकारच्या सायकलमध्ये, म्हणजे पाळीच्या चक्रात. तुलना या पर्यायांमध्ये करायला हवी.

आणखी एक. ज्यांना वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत आणि मग काही उपचार न घेता आपोआप राहतात, त्यांच्यातही अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाची बाळं थोडी जास्तच दिसतात. म्हणजे दिवस न राहण्यामागे जे कारण आहे, मग ते एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) असो, पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) असो, गर्भाशयाचा आकार असो, वय असो किंवा न सापडलेलं काही असो, ते गर्भारपणातही सोबत असतं. हा हिशेब वेगळा काढायला नॉर्वेच्या संशोधकांनी चांगली युक्ती केली. एकाच आईची दोन मुलं घ्यायची, एक नैसर्गिक आणि एक आयव्हीएफचं, आणि त्यांची आपसांत तुलना करायची. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भावंडांमध्ये वजनाचा आणि दिवसांचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. त्यावरून बऱ्याच जणांनी असा निष्कर्ष काढला की दोष लॅबचा नाही, मूळ कारणाचा आहे. मी इतकी ठाम होणार नाही, कारण नंतर नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या भावंड-अभ्यासात काही फरक शिल्लक राहिला: ताज्या भ्रूणातून झालेलं बाळ भावंडापेक्षा किंचित हलकं, गोठवलेल्या भ्रूणातून झालेलं किंचित वजनदार. म्हणजे प्रक्रियेचाही वाटा आहे, पण लोकांना वाटतो त्याहून बराच लहान.

आता जुळ्यांचं बोलू. तुमच्या पत्रातला खरा काळजीचा मुद्दा माझ्या मते हाच आहे, आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलाय.

आयव्हीएफच्या मुलांचे जे त्रास गेल्या चार दशकांत नोंदले गेले, त्यांतला सगळ्यात मोठा हिस्सा आयव्हीएफचा नसून जुळ्या-तिळ्यांचा होता. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त 37 आठवड्यांच्या आत जन्मतात आणि साधारण दहातलं एक गर्भारपण 32 आठवड्यांच्या आतच संपतं. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), श्वासाचा आधार, मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती आणि पुढे सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणाऱ्या अपंगत्वाची, वाढलेली शक्यता. स्वीडनच्या नोंदींत पूर्वी आयव्हीएफच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी जास्त आढळली होती. तिचं मुख्य कारण जुळी आणि अपुरे दिवस हेच निघालं. पुढे नॉर्डिक देशांमध्ये एकच भ्रूण सोडण्याची पद्धत रुजली, तसतसा हा फरकही कमी होत गेला. आईच्या बाजूनेही तेच. बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया, गर्भारपणातली साखर, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, सिझेरियन, हे सगळं जुळ्यांमध्ये ठळकपणे वाढतं.

मग दोन भ्रूण सोडल्याने फायदा किती? यावर 2004 सालचा स्वीडनमधून झालेला एक प्रयोग मी आजही नेहमी सांगते. 36 वर्षांखालच्या, चांगली भ्रूणं हाती असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात एकाच वेळी दोन भ्रूण सोडले. दुसऱ्यात एक सोडलं, आणि नाही राहिलं तर दुसरं गोठवून ठेवलेलं नंतर सोडलं. मूल हाती आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 42.9 टक्के, दुसऱ्यात 38.8 टक्के. आणि ज्यांना मूल झालं त्यांच्यात जुळ्यांचं प्रमाण? पहिल्या गटात 33.1 टक्के, दुसऱ्यात 0.8 टक्के. यशात चार टक्क्यांचा फरक, जुळ्यांमध्ये तेहतीस विरुद्ध एकाहून कमी. शिवाय तेव्हाच्या मानाने भ्रूण गोठवण्याचं तंत्र आता खूप सुधारलंय, त्यामुळे थांबून दुसरं भ्रूण वापरण्याचा तोटा आज त्याहूनही कमी असायला हवा.

तुम्ही 36 वर्षांच्या आहात, म्हणजे त्या अभ्यासाच्या वयोमर्यादेच्या अगदी काठावर. म्हणून इथलं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. पाचव्या दिवसापर्यंत चांगलं वाढलेलं भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, हाती असेल आणि ही पहिलीच फेरी असेल, तर मी एकाच भ्रूणाचा आग्रह धरेन. वय चाळिशीच्या पुढे असेल, भ्रूणांची प्रत साधारण असेल, आधीच्या दोन-तीन ट्रान्सफर (भ्रूण सोडण्याच्या खेपा) फसल्या असतील, तर दोन सोडण्याचा विचार समजू शकते. पण गर्भाशयात जन्मजात पडदा असेल, गर्भाशयाच्या तोंडावर शस्त्रक्रिया झालेली असेल, उंची फार कमी असेल, बीपी किंवा मधुमेह आधीपासून असेल, तर कुठल्याही वयात दोन नकोच. आणि ‘एकाच फेरीत कुटुंब पूर्ण’ हे वाक्य मी एनआयसीयूच्या दारात बसलेल्या एकाही आईच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एक भ्रूण सोडलं तरी जुळी होतच नाहीत असं मात्र नाही. ब्लास्टोसिस्ट सोडल्यावर शंभरात एक-दोन वेळा त्याचे दोन होतात. ती एकसारखी जुळी, बहुधा एकच वार (प्लॅसेंटा) वाटून घेणारी, म्हणजे जास्त जोखमीची. म्हणून सुरुवातीची सोनोग्राफी सहा-सात आठवड्यांना झालीच पाहिजे. गर्भ नळीत अडकलाय का तेही तेव्हाच कळतं; भ्रूण गर्भाशयात सोडलेलं असलं तरी ते सरकून नळीत जाऊ शकतं, हे ऐकून बऱ्याच जणी चकित होतात.

आता एकाच बाळाचं गर्भारपण धरून चालू. इथे फरक उरतो तो बव्हंशी वारेचा. माझ्या कामातून मला जे दिसतं आणि अभ्यासही जे सांगतात ते असं की आयव्हीएफच्या गर्भारपणात बाळापेक्षा वारेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असण्याचं प्रमाण काही पटींनी जास्त. नाळ वारेच्या मध्यभागी न जुळता कडेला किंवा पडद्यात जुळण्याचं प्रमाण जास्त. त्यातून क्वचित वासा प्रीव्हिया नावाची स्थिती येते, म्हणजे बाळाच्या रक्तवाहिन्या उघड्या अवस्थेत गर्भाशयाच्या तोंडावरून जातात. पाणी फुटताना त्या फाटल्या तर बाळ काही मिनिटांत जाऊ शकतं. आणि हीच गोष्ट विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुद्दाम शोधली, तर आधी ठरवून सिझेरियन करता येतं आणि जवळजवळ सगळी बाळं वाचतात. म्हणून माझा हट्ट असतो: त्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘नाळ वारेला कुठे जुळली आहे’ हे लिहिलेलं हवं, आणि वार खाली असेल तर योनिमार्गातून कलर डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) तोंडाजवळचा भाग पाहिलेला हवा. हा काही जास्तीचा, महागडा तपास नाही. कुणीतरी पाच मिनिटं लक्ष देऊन बघायचं असतं, इतकंच.

बीपीचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे, आणि इथे ताजं की गोठवलेलं हा प्रश्न येतो. हल्ली अनेक सेंटर सगळी भ्रूणं गोठवतात आणि पुढच्या एखाद्या महिन्यात सोडतात. त्याचा एक मोठा फायदा आहे. बीजकोश इंजेक्शनांनी उत्तेजित केलेले असताना लगेच गर्भ राहिला, तर ओएचएसएस, म्हणजे बीजकोश सुजून पोटात पाणी साठण्याचा त्रास चिघळतो. तो टळतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर चीनमध्ये झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोठवलेल्या गटात मूल होण्याचं प्रमाण 49.3 टक्के होतं, ताज्या गटात 42. ओएचएसएस 7.1 टक्क्यांवरून 1.3 वर आला. पण त्याच चाचणीत प्रीएक्लॅम्प्सिया ताज्या गटात 1.4 टक्के आणि गोठवलेल्या गटात 4.4 टक्के होता. एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने थोडं गेलं.

असं का होत असावं? गोठवलेलं भ्रूण सोडायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात तुमची स्वतःची पाळी, स्वतःचं बीज फुटणं यावर लक्ष ठेवून योग्य दिवशी भ्रूण सोडतात. दुसऱ्यात गोळ्या देऊन अस्तर बाहेरून तयार करतात, बीज फुटूच देत नाहीत. दुसरा मार्ग सोयीचा आहे, तारीख ठरवता येते. पण बीज फुटलंच नाही तर बीजकोशात कॉर्पस ल्यूटियम तयार होत नाही. ही पिवळसर गाठ फक्त प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, रिलॅक्सिनसारखी इतरही द्रव्यं सोडते आणि गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांत आईच्या रक्तवाहिन्या सैलावायला मदत करते. गोळ्यांमधून प्रोजेस्टेरॉन मिळतं, बाकीचं मिळत नाही. गोळ्यांवरच्या सायकलमध्ये प्रीएक्लॅम्प्सिया, वार घट्ट चिकटून बसणं आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जास्त दिसतो, असं बऱ्याच निरीक्षणात्मक अभ्यासांनी दाखवलंय. तुमची पाळी नियमित आहे म्हणता. मग गोठवलेलं भ्रूण सोडायचं ठरलं तर ‘माझ्या स्वतःच्या सायकलमध्ये करता येईल का?’ हे नक्की विचारा. ज्यांची पाळीच येत नाही किंवा फार अनियमित आहे त्यांच्यापुढे हा पर्याय इतका सरळ नसतो.

प्रीएक्लॅम्प्सियासाठी आणखी एक साधं हत्यार आपल्याकडे आहे: कमी मात्रेची ॲस्पिरिन. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त जोखमीच्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून 36 आठवड्यांपर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम दिल्यावर 37 आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत आयव्हीएफ हे आता मध्यम जोखमीच्या यादीत आहे. पहिलं गर्भारपण, 35 वर्षांपुढचं वय यांपैकी दुसरं काही त्याला जोडून असेल तर ॲस्पिरिनचा विचार होतो. तुमच्या बाबतीत दोन्ही जोडून येतात. गोळी मनाने सुरू करू नका, पण सोळा आठवड्यांच्या आत हा विषय निघालाच पाहिजे. उशिरा सुरू केलेल्या ॲस्पिरिनचा फारसा उपयोग होत नाही.

कुणी दात्याचं स्त्रीबीज घेत असेल तर त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तिथे बीपीचा धोका स्वतःच्या बीजाच्या आयव्हीएफपेक्षाही बराच जास्त असतो, कारण गर्भ आईच्या शरीराला पूर्णपणे परका असतो. उलट डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता मात्र बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयावर ठरते, गर्भ वाढवणाऱ्या आईच्या वयावर नाही. म्हणून रक्ततपासणीच्या फॉर्मवर बीज काढलं तेव्हाचं वय लिहायचं असतं. स्वतःची भ्रूणं तीन वर्षांपूर्वी गोठवली असतील तरी नियम तोच. हे न लिहिल्यामुळे चुकीचा ‘हाय रिस्क’ रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तारखेचंही तसंच. आयव्हीएफमध्ये गर्भाचं वय तंतोतंत माहीत असतं, तरीही कित्येक फायलींवर शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख चालू राहते. पाच दिवसांचं भ्रूण सोडलं असेल तर सोडलेला दिवस म्हणजे 2 आठवडे 5 दिवस धरायचा. त्यात 261 दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख येते. बाळ लहान आहे का, मोठं आहे का, दिवस उलटलेत का, सगळे निर्णय या तारखेवर उभे असतात.

इथवरचा सारांश सांगायचा तर: एक बाळ असेल तर शंभरांपैकी सुमारे नव्वद गर्भारपणं पूर्ण दिवसांपर्यंत जातात. नैसर्गिक गर्भारपणात अपुऱ्या दिवसांची बाळं शंभरात सहा ते आठ असतील, तर आयव्हीएफमध्ये दहाच्या आसपास. ‘दीडपट’ हा शब्द घाबरवतो, पण त्याच्यामागचा आकडा एवढा आहे. जुळी असतील तर मात्र हा हिशेब पार बदलतो.

आता मुलाकडे वळते. जन्मजात दोष कुठल्याही गर्भारपणात असू शकतात, ढोबळमानाने शंभरात तीन-चार मोठे दोष. आयव्हीएफनंतर त्यात सुमारे एक-तृतीयांशाने भर पडते, म्हणजे शंभरात एखादं जास्त. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या 2012 च्या अभ्यासात पाच वर्षांपर्यंत सापडलेले दोष धरले होते, म्हणून तिथले आकडे मोठे दिसतात: नैसर्गिक गर्भात 5.8 टक्के, उपचारांनंतरच्या गर्भात 8.3 टक्के. पण आईवडिलांचं वय वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्यावर साध्या आयव्हीएफमधला फरक जवळजवळ मिटला. इक्सीमध्ये, म्हणजे एकेक शुक्रजंतू सुईने बीजात सोडतात त्या पद्धतीत, तो टिकून राहिला. हा इक्सीचा दोष की ज्या पुरुषांसाठी इक्सी लागते त्यांच्या शुक्रजंतूंचा, हे वेगळं करणं अवघड आहे. तरी तुमच्यासाठी यातून एक रोखठोक प्रश्न निघतो. नवऱ्याचे रिपोर्ट चांगले असतील तर इक्सी कशासाठी? शुक्रजंतूंचा प्रश्न नसताना इक्सी केल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही, हे मोठ्या चाचण्यांतून दिसलंय. तरी सवयीने ती सगळ्यांना केली जाते. मला हे पटत नाही.

दोषांमध्ये हृदयाचे दोष थोडे वेगळे काढावेत असे आहेत. नॉर्डिक देशांच्या सत्तर लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींत मोठे हृदयदोष नैसर्गिक गर्भात 1.15 टक्के, आयव्हीएफसारख्या उपचारांनंतर 1.84 टक्के निघाले, आणि जुळ्यांमध्ये आणखी जास्त. म्हणून या गर्भारपणात 20 ते 22 आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या हृदयाची सविस्तर तपासणी, फीटल इको, करून घ्यावी असं मी सांगते. बहुतेक वेळा सगळं ठीक निघतं. दोष निघालाच तर प्रसूती कुठे करायची हे आधी ठरवता येतं, आणि काही हृदयदोषांमध्ये बाळाचं जगणं त्यावरच अवलंबून असतं. भ्रूणाची जनुकीय तपासणी केली असली तरी या सोनोग्राफी टळत नाहीत. त्या तपासणीत पुढे वार बनणाऱ्या थरातल्या थोड्या पेशी घेऊन फक्त गुणसूत्रं मोजतात. हृदयाचा आकार तिथे दिसत नाही.

बेकविथ-वीडमन सिंड्रोमसारखे जनुकांच्या ‘चालू-बंद’ खुणांचे आजार आयव्हीएफनंतर काही पटींनी जास्त दिसतात हे खरं. पण मुळात ते इतके दुर्मीळ की वाढूनही हजारांत एकाच्या खालीच राहतात. त्यावर झोप घालवू नका.

बुद्धी, शाळा, वागणूक यांची भीती आईवडिलांना सगळ्यात जास्त असते, आणि दिलासाही सगळ्यात जास्त इथेच आहे. स्वीडनमध्ये पंचवीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून 2013 साली निष्कर्ष आला: आयव्हीएफ आणि ऑटिझमचा संबंध दिसत नाही. बौद्धिक वाढीत अगदी थोडा फरक दिसला होता, तोही फक्त एकट्या जन्मलेल्या मुलांकडे पाहिल्यावर उरला नाही. पुन्हा तेच, जुळी आणि अपुरे दिवस. बीपी आणि रक्तवाहिन्यांबद्दल स्वित्झर्लंडच्या छोट्या अभ्यासांनी काळजी व्यक्त केली होती; नंतर अनेक देशांतल्या हजारो मुलांची माहिती एकत्र करून 2023 साली पाहिलं तेव्हा बीपी, हृदयाची गती, रक्तातली चरबी, साखर यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कर्करोगाबाबतही एकूण चित्र आश्वासक आहे. गोठवलेल्या भ्रूणांच्या काही अभ्यासांत थोडी वाढ दिसली, पण बालपणीचा कर्करोगच इतका विरळा की प्रत्यक्षात ती लाखांमागे मोजक्या मुलांची होते.

इक्सीने जन्मलेल्या मुलग्यांचं एक. बेल्जियममधली, अशी पहिली पिढी तरुण झाल्यावर त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात शुक्रजंतूंची संख्या सरासरीने कमी भरली. यात फार नवल नाही. वडिलांचा प्रश्न मुलाकडे आला. वडिलांच्या वाय गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असेल तर तो मुलाकडे जाणारच. ज्यांचे शुक्रजंतू अगदीच कमी आहेत त्यांनी म्हणून आधी ती तपासणी करून घ्यावी. तुमच्या नवऱ्याला ती लागेल असं दिसत नाही.

आणि आई? तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही विचारली नाहीये. बहुतेक जणी विचारत नाहीत. इंजेक्शनांनी पुढे स्तनांचा कर्करोग होतो ही भीती फार पसरलेली आहे. नेदरलँड्समध्ये पंचवीस हजार स्त्रियांचा सरासरी एकवीस वर्षं मागोवा घेतला, त्यात आयव्हीएफ केलेल्यांमध्ये स्तनांचा कर्करोग जास्त निघाला नाही. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासातही तेच. बीजकोशाच्या कर्करोगाच्या गाठींत थोडी वाढ दिसली, तिचा संबंध मात्र बऱ्याच अंशी एंडोमेट्रिओसिस आणि मूल नसणं यांच्याशी लागतो.

जवळच्या काळातला धोका मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो ओळखता येतो. आयव्हीएफच्या गर्भारपणात पहिल्या तीन महिन्यांत शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, विशेषतः ओएचएसएस झाला असेल तर. आकडा लहान आहे, हजारांत काहीच. पण एक पाय सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, किंवा मानेची एक बाजू सुजणं ही ‘इंजेक्शनांचा परिणाम असेल’ म्हणून घरी काढायची लक्षणं नाहीत. त्याच दिवशी दवाखाना. तसंच ट्रान्सफरनंतर पोट झपाट्याने फुगणं, लघवी कमी होणं, एका दिवसात किलोभर वजन वाढणं.

प्रीएक्लॅम्प्सिया झालाच, तर प्रसूतीबरोबर तो विषय संपत नाही. बीपी पहिल्या आठवड्यात पुन्हा चढू शकतं, आणि अशा स्त्रियांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराची शक्यता जास्त असते. वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवावी. मनाचंही सांगते. इतक्या वाट बघून राहिलेल्या गर्भाची धास्ती वेगळीच असते. ‘एवढं मिळालंय, आता कुरकुर कशाची’ असं म्हणून बायका थकवा, रडू, झोप न येणं लपवतात. तेही तपासणीत सांगण्याच्याच यादीतलं आहे.

आता तुम्ही काय करावं. उपचार सुरू व्हायच्या आधी बीपी, साखर, थायरॉइड आणि वजन याकडे बघा, फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करा. हे कंटाळवाणं वाटतं, पण लॅबमधल्या कुठल्याही महागड्या जादा उपायापेक्षा याचा परिणाम जास्त असतो. मग सेंटरमध्ये बसून विचारा: एकच भ्रूण का नको? इक्सी का? गोठवायचं असेल तर कारण काय, आणि सोडताना माझ्या सायकलमध्ये जमेल का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. तुमच्या बाबतीत वेगळं काही करण्याचं कारण असेल तर ते सांगतील, आणि ते कारण माझ्या या दूरवरून लिहिलेल्या उत्तरापेक्षा वजनदार असू शकतं, कारण त्यांनी तुम्हाला तपासलंय. ‘आम्ही सगळ्यांना असंच करतो’ हे उत्तर मिळालं तर मात्र दुसरं मत घ्या.

थांबायचा पर्यायही फुकट नाही. 36 पासून चाळिशीपर्यंत दर वर्षी बीजाची प्रत उतरते, गर्भपाताचं प्रमाण वाढतं, गर्भारपणातलं बीपी-साखरही वाढतं. आयव्हीएफच्या धोक्याला घाबरून तीन वर्षं थांबलात आणि मग आयव्हीएफच केलंत, तर धोके कमी न होता वाढलेले असतील.

शेवटचा प्रश्न: मुलाच्या डॉक्टरांना सांगावं का? हो, सांगा, जसं जन्माचं वजन आणि आठवडे सांगता तसंच. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागत नाहीत, लसी त्याच, वाढीचा तक्ता तोच. अपुऱ्या दिवसांचं असेल तर पहिली दोन वर्षं वय दुरुस्त करून मोजतात, ते कुठल्याही बाळाला लागू आहे. शाळेला किंवा शेजाऱ्यांना सांगायची काही गरज नाही. एक फाइल मात्र करून ठेवा: भ्रूण सोडल्याची तारीख, ताजं की गोठवलेलं, बीज काढलं तेव्हाचं तुमचं वय, इक्सी झाली का, जनुकीय तपासण्यांचे रिपोर्ट, विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड. सेंटर बंद होतात, डॉक्टर बदलतात. मूळ कागद तुमच्याकडे असू द्या आणि त्यांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही.